तळटीप : हायकू आणि हायगा

१. हायगा म्हणजे एकाच कागदावर हायकू ही जपानी लघुकविता आणि चित्र. दोन्ही बहुधा एकाच कुंचल्याने उतरतात. मात्र कवितेत बेडूक आला म्हणून चित्रातही बेडूकच हवा, असा दंडक नाही.

हायकूकवी बाशो (१६४४–१६९४) कवितेत गुरू. चित्रकलेचे धडे मात्र त्याने आपल्याच शिष्याकडे, मोरिकावा क्योरिकूकडे गिरवले. हायगाला खरा बहर आणला योसा बुसोनने (१७१६–१७८४). कवी आणि पेशाने चित्रकार असलेल्या बुसोनने बाशोचे उत्तरेकडील प्रवासाचे वर्णन लांबलचक कागदी गुंडाळ्यांवर स्वहस्ते लिहून काढले. मजकुराच्या मधेमधे मोजक्या फटकाऱ्यांत बाशो, त्याचा सोबती सोरा आणि वाटेत भेटलेली माणसे रेखाटली. पार्श्वभूमी जवळजवळ कोरीच ठेवली.

हायकूची पाच-सात-पाच ध्वनींची ही रचना मुळात साखळीकाव्याची पहिली कडी. तिला स्वतंत्र कविता म्हणून ‘हायकू’ हे नाव रूढ केले मासाओका शिकीने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस.

मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी. आचार्य अत्रे यांच्या या कन्येने तीन ओळी कायम ठेवल्या, अक्षरांची मोजदाद सोडली आणि बहुतेकदा दोन ओळींत यमक साधले. जपानी हायकूला यमकाची गरज नसते. अक्षरांची मोजदाद सुटल्यामुळे मराठी हायकू वाचताना वाचकाने बोटांवर अक्षरे मोजत बसू नये. तीन ओळींत एक क्षण नेमका पकडला आहे की नाही, एवढेच पाहावे.