एका घरातल्या दोन मुली : कौटुंबिक इतिहासातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : "घराण्याचा इतिहास हे संशोधन होऊ शकतं का?" होऊ शकतं. अट एकच, गोष्टीतून प्रश्न निघाला पाहिजे. मी विज्ञान शाखेचा, त्यामुळे प्रश्न म्हटला की मला आधी तुलना आठवते. आज एकाच बाईच्या आयुष्यावर ही पद्धत लावून बघू. नाव शकुंतला परांजपे. बालपण पुण्यात, लग्न एका रशियन चित्रकाराशी, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मुक्काम थेट ऑस्ट्रेलियात!

आधी घटना मांडू

वडील रँग्लर र. पु. परांजपे. दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावात १८७६ चा जन्म, १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर होणारे पहिले भारतीय, नंतर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. शकुंतलाबाई १९०६ च्या. त्याही केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गणित शिकल्या, १९२९ मध्ये पदवी घेतली आणि पुढच्या वर्षी लंडनला शिक्षणशास्त्राची पदविका. त्यानंतर जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत काम केलं.

युरा स्लेप्टझॉफ यांच्याशी त्यांचं लग्न झालं, मुलगी झाली आणि थोड्याच काळात घटस्फोट. ती मुलगी म्हणजे आपल्याला 'कथा' आणि 'चष्मेबद्दूर'मुळे माहीत असलेल्या दिग्दर्शिका सई परांजपे. १९३७ च्या 'कुंकू' या प्रभातच्या चित्रपटात शकुंतलाबाईंनी भूमिकाही केली. त्या चित्रपटाचा विषय होता म्हाताऱ्या विधुराशी लावून दिलेलं तरुण मुलीचं लग्न.

१९४४ मध्ये रँग्लर भारताचे ऑस्ट्रेलियातले हाय कमिशनर झाले आणि १९४७ पर्यंत तिथे राहिले. शकुंतलाबाई आणि लहानगी सईही कॅनबेराला होत्या. युद्धकाळात त्याच देशातल्या हजारो मुली अमेरिकन सैनिकांशी लग्न करून सासरी अमेरिकेला निघाल्या. आणि इकडे एक मराठी बाई मोडलेलं लग्न मागे ठेवून, मुलीला घेऊन, वडिलांच्या घरी राहत होती.

सोपं उत्तर का पुरत नाही?

हे सगळं कसं शक्य झालं? "बाई असामान्य होत्या" हे सोपं उत्तर. चूक नाही, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही. प्रयोगशाळेत आपण काय करतो? एक गोष्ट सारखी ठेवतो, दुसरी बदलतो. इतिहासात बदलता येत नाही, पण तशी जोडी शोधता येते. इथे ती आयती मिळते.

इरावती करमरकर. जन्म १९०५, ब्रह्मदेशात, तिथल्या इरावती नदीवरून नाव. सातव्या वर्षी शिक्षणासाठी पुण्याच्या हुजूरपागेत आली आणि शकुंतलेची मैत्रीण म्हणून परांजप्यांच्या घरातच वाढली. म्हणजे घर तेच, पुस्तकं तीच, जेवताना होणाऱ्या चर्चा त्याच. मुलगी मात्र त्या घरची नाही. पुढे तीच इरावती कर्वे झाली. मुंबई विद्यापीठाची एम.ए. १९२८ ची, बर्लिनची डॉक्टरेट १९३० ची.

आता बारकाईने बघा. दोघी शिकल्या, पण क्रम उलटा आहे. शकुंतलाबाईंचं शिक्षण लग्नाआधी झालं, तेही माहेरच्या बळावर. इरावतीबाईंची एम.ए. आणि डॉक्टरेट दोन्ही लग्नानंतरच्या, आणि त्यात रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या पती दिनकर कर्वे यांची साथ मोठी. म्हणजे 'लग्न झालं की शिक्षण संपलं' हा नियम इथे टिकत नाही. मग आपला प्रश्न नेमका होतो : मुलीच्या शिक्षणामागे आणि लग्न मोडल्यावर तिच्यामागे कोणतं घर उभं राहिलं, आणि त्या घराकडे ते बळ कुठून आलं? हा प्रश्न कुठल्याही गावात विचारता येतो.

निष्कर्ष किती ताणायचा?

ऑस्ट्रेलियात १९०१ च्या स्थलांतर कायद्याने आशियाई लोकांना अडवलं जाई. अधिकारी कोणत्याही युरोपीय भाषेतलं श्रुतलेखन घालून माणसाला नापास करू शकत. ही परीक्षा १९५८ पर्यंत कायद्यात होती. हाय कमिशनरचं कुटुंब या चाळणीतून आलेलं नव्हतं. म्हणून त्यांच्या अनुभवावरून 'ऑस्ट्रेलियातले भारतीय' असं विधान करता येत नाही. नमुना कुठून आला हे आधी लिहायचं, निष्कर्ष नंतर.

साधनांचंही तसंच. शकुंतलाबाईंचं 'थ्री इयर्स इन ऑस्ट्रेलिया' १९५१ चं, रँग्लरांचं आत्मचरित्र १९६१ चं, सईंचं 'सय' त्यानंतर कितीतरी दशकांनी आलेलं. एकाच घरातल्या तीन पिढ्या, पण लिहिताना घटनेपासूनचं अंतर वेगवेगळं. तीन पुस्तकं जुळली म्हणजे तीन स्वतंत्र पुरावे मिळाले असं नाही, कारण घरातल्या आठवणी एकमेकांना ऐकवूनच पक्क्या होतात. बाहेरचा कागद लागतोच : कॉलेजची नोंद, विवाहाचा दाखला, पासपोर्ट. १९१४ च्या ब्रिटिश कायद्याने परकीयाशी लग्न करणारी स्त्री परकीय ठरत असे, १९३३ मध्ये त्यात सवलत आली. म्हणजे लग्नाची तारीख ही नुसती तारीख नसते, त्यावर बाईचं नागरिकत्व अवलंबून असे.

आणि आपल्या गावात?

आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये त्या पिढीतल्या बायकांनी आत्मचरित्रं लिहिली नाहीत. पण म्हणून साधनं नाहीत असं नाही. आजीला "लग्न कोणत्या साली झालं?" विचारलं तर उत्तर येत नाही. "लग्नात कापड कंट्रोलचं होतं का?" विचारा. कापडावर नियंत्रण १९४३ मध्ये आलं. "गांधीजी गेले तेव्हा पदरात मूल होतं का?" म्हणजे १९४८ चा खुंटा मिळाला. मग वयाचा हिशोब शारदा कायद्याशी ताडून बघा. १९३० पासून मुलीचं किमान वय १४, १९४९ मध्ये १५. कायदा आणि वय जुळत नसेल, तर तिथेच तुमचा संशोधनप्रश्न आहे.

नंतर दोन सख्ख्या बहिणी घ्या. एक नीरा डाव्या कालव्याच्या बागायतीत दिलेली, दुसरी जिरायत गावात. आईबाप तेच, सासरचं पाणी वेगळं. कोणाची मुलगी शाळेत किती वर्षं टिकली, एवढं जरी वहीत उतरवलं तरी एका प्रबंधाचं पहिलं प्रकरण उभं राहतं.

मुलाखतीआधी परवानगी घ्या, नाव छापायचं का ते त्यांनाच ठरवू द्या. आणि हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. परांजप्यांच्या घरातली पुस्तकं ग्रंथालयात राहतील, पण १९४३ चं कापड आठवणाऱ्या आज्या आता गावात मोजक्याच आहेत.