पश्चात्ताप आणि प्रायश्चित्त : गोतराणीपासून पंचहौदापर्यंत

राजूरला मराठी शिकवताना एका उत्तरपत्रिकेत आम्हांला एक वाक्य भेटले : ‘त्याला आपल्या कृत्याचे प्रायश्चित्त झाले.’ आमच्यापैकी एकाने ‘प्रायश्चित्त’ खोडून वर ‘पश्चात्ताप’ लिहिले. दुसऱ्याचे म्हणणे असे, की चूक नामात नसून क्रियापदात आहे; मुलाला ‘प्रायश्चित्त घेतले’ म्हणायचे असेल. गुण किती द्यायचे हे लगेच ठरले, पण वाद मिटला नाही.

हे क्रियापदाचे प्रकरण वाटते तितके क्षुल्लक नाही. मराठीत पश्चात्ताप ‘होतो’. तो कोणी कोणाला देत नाही. प्रायश्चित्त मात्र दिले जाते, घेतले जाते, भोगले जाते. एकाला साक्षीदार लागत नाही, दुसऱ्याचे साक्षीदारावाचून चालत नाही. व्यवहारात हे शब्द आपण बेधडक अदलाबदलीने वापरतो, परंतु ज्यांच्यावर ते वापरले गेले त्यांच्या आयुष्यात त्यांतील अंतर फार मोठे होते.

शास्त्रकारांना हे अंतर ठाऊक होते. ‘प्राय’ म्हणजे तप आणि ‘चित्त’ म्हणजे निश्चय, अशी त्यांची परंपरागत फोड आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन अध्याय आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त असे आहेत. म्हणजे प्रायश्चित्त हा विषय न्यायदानाच्या शेजारी बसतो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीची जी साधने सांगितली आहेत त्यांत अनुताप आहे, पण एकटा नाही. पाप उघड सांगणे, तप आणि अध्ययन ही त्याच्या सोबतीला आहेत. प्रत्यक्षातले प्रायश्चित्त मोजता येते. प्राजापत्य कृच्छ्र बारा दिवसांचे : तीन दिवस फक्त सकाळी जेवायचे, तीन दिवस फक्त रात्री, तीन दिवस न मागता मिळेल तेवढेच, आणि शेवटचे तीन दिवस उपास. ज्याला हे झेपत नाही त्याने गाय द्यावी, गाय नसेल तर तिचे मोल द्यावे. मोल आले की पैसा आला, आणि पैसा आला की बाकीचे सांगायला नको.

याच्या अगदी उलट टोकाला संतांचा अनुताप. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका १५७३ मध्ये काशीत पुरी केली. या स्कंधात पिंगला वेश्येची कथा येते. गिऱ्हाइकाची वाट पाहत ती मध्यरात्रीपर्यंत दारात उभी राहते, कोणी येत नाही, आणि त्या निराशेतूनच तिला आपल्या जगण्याचा वीट येतो. मग ती शांत झोपी जाते. तिथे शास्त्री नाही, पंच नाहीत, दंड नाही. जे घडले ते तिच्या आत घडले. परंतु दुसऱ्या दिवशी नगरीने तिला कसे वागवले, हे कथा सांगत नाही. कथेला त्याची गरजही नाही.

गावाला मात्र तीच गरज असते. आमच्या या परिसरातील महादेव कोळी समाजाचे जुने उदाहरण येथे महत्त्वाचे वाटते. कॅप्टन मॅकिंटॉशने १८३० च्या दशकात या समाजाची माहिती लिहिली, आणि पुढे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरातही ती आली. जातीचे तंटे जुन्नरच्या ‘गोतराणी’पुढे जात. तिचे सहा मानकरी वंशपरंपरेने ठरलेले : रघतवान हा प्रमुख, मेतल त्याचा मदतनीस, सबला गावोगाव फिरून लोकांच्या वागणुकीची चौकशी करणारा. ढालिया दोषी माणसाच्या दारावर झाडाची डहाळी लावी, म्हणजे तो जातीबाहेर झाल्याचे सर्वांना कळे. हडक्या दाराला मेलेल्या गाईचे हाड बांधी. इतके होऊनही दंड भरून परत येण्याची वाट उघडी असे. मग मडक्या येई. घराची शुद्धी त्याच्या देखरेखीखाली होई आणि धान्याची मातीची मडकी तो घेऊन जाई.

ही यादी आम्ही पुन्हा पुन्हा वाचली. सहा मानकऱ्यांत चौकशी करणारा आहे, हाड बांधणारा आहे, मडकी नेणारा आहे. मनात डोकावणारा कोणी नाही. ‘तुला खरेच वाईट वाटते का?’ हे विचारण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नाही. आज आपल्याला हे कोरडे वाटेल. पण मडकी गेली की प्रकरण संपले, हेही त्यातच आले.

मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनी हे दोन्ही शब्द घेतले आणि वेगळे ठेवले. योहान लोकांना पश्चात्ताप करायला सांगतो. जुन्या करारातील याजक बळी देऊन प्रायश्चित्त करतो. हाच वाद युरोपातही होऊन गेला होता. मूळ ग्रीक शब्दाचा रोख मन पालटण्यावर, तर लॅटिन भाषांतराचा रोख चर्चने नेमून दिलेल्या तपावर गेला, आणि १५१७ मध्ये ल्यूथरने आपल्या पहिल्याच कलमात या शब्दाला हात घातला.

पुण्यात हा गुंता चहाच्या पेल्यात उतरला. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. चहा आला. कोणी तो प्याले, कोणी पेला हाती घेऊन नुसताच खाली ठेवला. गोपाळराव जोशी (डॉ. आनंदीबाईंचे पती) यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभवा’त छापून आणली. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, आणि १८९२ मध्ये निर्णय आला. ग्रामण्य सुरू झाले की घरातील लग्नमुंजी, श्राद्धपक्ष सारे अडते, आणि त्याचा जाच सभेत बोलणाऱ्या पुरुषांपेक्षा घरातल्या बायकांना अधिक होतो. आपण काशीस प्रायश्चित्त घेतले आहे, असे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी मित्रांच्या आग्रहाखातर त्याच वर्षी प्रायश्चित्त घेतले.

सुधारकांत गहजब झाला. रानडे प्रार्थनासमाजाचे, तिथे बाह्य विधीला नव्हे तर अंतःकरणातील अनुतापाला मोल. अशा माणसाने चहासाठी पंचगव्याच्या वाटेने जावे? टीकाकारांचा हिशेब सरळ होता : प्रायश्चित्त घेतले, म्हणजे पाप झाले असे मानले, म्हणजे पश्चात्ताप झाला. चहा पिण्यात पाप नाही ही रानड्यांची धारणा तर बदललेली नव्हती. मग हे ढोंग नव्हे का?

आम्हांला हा हिशेब चुकीचा वाटतो. रानड्यांनी गोतराणीच्या अर्थाने प्रायश्चित्त घेतले आणि टीकाकारांनी ते पिंगलेच्या अर्थाने वाचले. ज्या विधीने आजवर कोणाचे मन तपासले नव्हते, त्याच्याकडून अचानक मनाची साक्ष मागण्यात आली. अर्थात रानड्यांची पूर्ण सुटका यातून होत नाही. ज्या अधिकाराला आपण मानत नाही त्याच्यापुढे, मित्रांसाठी का होईना, वाकल्याने तो अधिकार बळावतोच; आणि रानड्यांसारखा माणूस वाकला की सामान्य माणसाला ताठ उभे राहणे आणखी जड जाते. आमच्यात या मुद्द्यावर अजूनही एकमत नाही.

प्रायश्चित्ताच्या नावाने जातपंचायतींनी वसूल केलेल्या दंडाच्या कहाण्या महाराष्ट्रात अलीकडेपर्यंत वर्तमानपत्रांत येत राहिल्या. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा २०१६ चा. तो जुलै २०१७ पासून अमलात आला. बहिष्कार घालणे हाच त्याने गुन्हा ठरवला. म्हणजे दारावर हाड बांधणाराच आता आरोपी. पंचांना त्यात शिक्षा आहे, दंड आहे. त्यांना पश्चात्ताप व्हावा, अशी अपेक्षा कायद्यानेही ठेवलेली नाही.

त्या उत्तरपत्रिकेला आम्ही अर्धा गुण दिला होता. आता पुन्हा तपासायला मिळाली, तर आमच्यातला एक जण पूर्ण गुण देईल.