स्पायडर-मॅन आणि कीचक

परवा नातवाबरोबर २०१८ सालचा ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’ पाहिला. पीटर पार्कर मेला तेव्हा पोराचे डोळे भरले. खरं तर सारी हलती चित्रं! मला आपल्या कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आठवले. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या या माणसानं दामल्यांच्या मदतीनं स्वत: कॅमेरा तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला, की सेन्सॉरनं त्याला कात्री लावली. आज संगणक हवं ते दाखवतो. पण काळीज हलतं ते चित्रकाराच्या नजरेमुळेच, असं माझं मत. खंत एवढीच, की नातू त्याचा सिनेमा हवा तेव्हा पुन्हा पाहील; त्याला दाखवायला आपला ‘सैरंध्री’ मात्र उरलेला नाही.