ओनोचा कबुलीजबाब: युद्धानंतरचा जपान, चित्रकार आणि चुकीचं वजन

आज एका कादंबरीबद्दल बोलायचं आहे, पण ते इतिहासाच्या अंगाने. काझुओ इशिगुरो हे नाव 2017 च्या नोबेलनंतर आपल्याकडे बऱ्यापैकी माहीत झालं. त्यांचा जन्म 1954 चा, नागासाकीचा. 1960 मध्ये, म्हणजे पाच-सहा वर्षांचे असताना, ते आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेले आणि तिथेच वाढले. ‘अ‍ॅन आर्टिस्ट ऑफ द फ्लोटिंग वर्ल्ड’ ही त्यांची दुसरी कादंबरी 1986 मध्ये आली. ‘द रिमेन्स ऑफ द डे’ जास्त गाजली, तिच्यावर सिनेमाही निघाला. पण चूक आणि अपराध या विषयावर मला विचाराल, तर मी आधीच्या या कादंबरीकडेच बोट दाखवीन.

गोष्ट अशी. मासुजी ओनो नावाचा एक म्हातारा चित्रकार आहे. युद्ध संपलेलं आहे. बॉम्बहल्ल्यात बायको गेली, मुलगा केंजी मांचुरियात मारला गेला. आता धाकट्या मुलीचं, नोरिकोचं, लग्न जमवायचं आहे. आदल्या वर्षी एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं, आणि अचानक मुलाकडच्यांनी नकार दिला. का दिला? ओनो स्वतःशी म्हणतो, त्यांची ऐपत आमच्यापेक्षा कमी, म्हणून बिचकले असतील. थोरली मुलगी सेत्सुको मात्र आडून आडून सुचवते की बाबा, पुढच्या वेळी थोडी आधीच काळजी घ्या, जुन्या ओळखीच्या लोकांना भेटून या. म्हणजे तुमचा भूतकाळ आड येतोय. तसं ती स्पष्ट म्हणत नाही. या घरात स्पष्ट कोणीच काही म्हणत नाही.

भूतकाळ काय? तीसच्या दशकात ओनोने साम्राज्याच्या प्रचाराची चित्रं काढली. तरुणपणी त्याने एक चित्र काढलं होतं, झोपडपट्टीतल्या तीन पोरांचं, हातात काठ्या घेतलेली पोरं. त्यात गरिबीबद्दलचा खरा राग होता. पुढे त्याच चित्राची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा पोरांचे सैनिक झाले आणि काठ्यांच्या बंदुका. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. हा माणूस पैशासाठी विकला गेलेला नाही. गरिबांबद्दलचा कळवळा घेऊन निघाला आणि चालत चालत आशिया जिंकायला निघालेल्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

हे लेखकाने हवेतून काढलेलं नाही. त्सुगुहारू फुजिता हे नाव तुम्ही ऐकलं असेल, पॅरिसमध्ये नाव कमावलेला चित्रकार. 1943 च्या मे महिन्यात अ‍ॅट्टू बेटावर जपानची जवळजवळ सगळी तुकडी, सुमारे अडीच हजार माणसं, मारली गेली. फुजिताने त्याच वर्षी तो शेवटचा हल्ला रंगवला. मोठं, काळपट, प्रेतांनी भरलेलं चित्र. प्रदर्शनात लोक त्याच्यासमोर हात जोडत, नाणी टाकत, देवळात टाकतात तशी. युद्ध हरल्यावर याच फुजिताकडे बोटं वळली. बोट दाखवणाऱ्यांत बाकीचे चित्रकारही होते, हे लक्षात ठेवा. 1949 मध्ये तो जपान सोडून गेला, 1955 मध्ये फ्रान्सचा नागरिक झाला.

उलट्या बाजूला योकोयामा ताइकान बघा. 1940 मध्ये समुद्राची आणि डोंगराची चित्रं विकून त्याने आलेला पैसा लढाऊ विमानांसाठी दिला. तो मात्र अखेरपर्यंत मानाने जगला. चूक तशीच, हिशेब निराळा. कोणी म्हणेल, डोंगरच तर काढले होते!

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. तोक्योच्या युद्धगुन्हे खटल्यात एकही चित्रकार उभा केला गेला नाही. तो खटला सेनापतींचा आणि मंत्र्यांचा होता. 1948 च्या नोव्हेंबरात निकाल लागला, 23 डिसेंबरला तोजोसह सात जणांना फाशी झाली. सगळ्यांनाच निर्दोष ठरवणारं आपल्या राधाविनोद पालांचं भिन्नमतपत्र प्रसिद्धच आहे, त्यावर वेगळं व्याख्यान होईल. आता कादंबरीच्या तारखा पाहा. पहिला भाग ऑक्टोबर 1948, दुसरा एप्रिल 1949. निकाल आणि फाशी बरोबर या दोन भागांमधल्या फटीत पडतात. कोर्टाचा न्याय तिकडे चाललाय आणि इकडे ओनो आपला खटला स्वतःच चालवतोय. आरोपीही तोच, वकीलही तोच.

त्या खटल्यातला सगळ्यात वाईट पुरावा तो जाता जाता सांगतो. कुरोदा हा त्याचा सगळ्यात गुणी विद्यार्थी. तो वेगळ्या वाटेने जायला लागला. ओनो तेव्हा देशविरोधी कारवायांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी समितीचा सल्लागार होता. त्याने कुरोदाचं नाव कळवलं. त्याचं म्हणणं काय, तर मी फक्त एवढंच सुचवलं होतं की कोणीतरी जाऊन त्याला दोन शब्द समजावून सांगा, त्याच्याच भल्यासाठी. तो कुरोदाच्या घरी पोचतो तेव्हा चित्रं जाळलेली असतात, धुराचा वास सुटलेला असतो आणि कुरोदाला पकडून नेलेलं असतं. तुरुंगात त्याला मारहाण होते, खांदा दुखावतो, देशद्रोही म्हणून हिणवलं जातं. हे आपल्याला कुरोदाकडून कळत नाही. कित्येक वर्षांनी ओनो त्याच्या दारात जातो तेव्हा त्याचा एक तरुण विद्यार्थी सांगतो. आधी नाव नीट कळत नाही म्हणून तो आदराने चहा विचारतो, आणि हा ओनो कोण ते कळल्यावर एकदम थंड होतो.

यालाही इतिहासात जोड आहे. 1925 च्या शांतता संरक्षण कायद्याखाली विचारांसाठी माणसं पकडली जात. 1941 मध्ये अतिवास्तववादी चित्रकार फुकुझावा इचिरो आणि कवी-समीक्षक ताकिगुची शूझो यांना असंच उचललं, महिनोन्‌महिने डांबून ठेवलं. सुटल्यावर फुकुझावानेही युद्धाची चित्रं काढली! म्हणजे कुरोदा आणि ओनो हे दोघे एकाच माणसाच्या आयुष्यातही बसू शकतात.

आता कबुलीजबाबाचा प्रसंग. नोरिकोसाठी नवं स्थळ येतं, डॉक्टर साइतोंच्या घरचं. हॉटेलात दोन्ही घरची मंडळी जेवायला बसतात, आपल्याकडच्या बघण्याच्या कार्यक्रमासारखंच. आणि तिथे ओनो भर टेबलावर म्हणतो की माझ्यासारख्यांमुळे देशाचं नुकसान झालं, मी ते मान्य करतो. लग्न जमतं. तो खूश, छाती पुढे. खरं बोलायला धैर्य लागतं, असं स्वतःला सांगतो.

पण शेवटी सेत्सुको काय म्हणते? ती म्हणते, बाबा, तुम्ही तेव्हा असं का बोललात हे कोणालाच कळलं नाही. साइतोंना तर तुम्ही चित्रकार होतात हेही धड माहीत नव्हतं. आणि काळजी घ्या असं मी म्हणालेच नव्हते. तुम्ही फक्त चित्रकार होतात, एवढं मोठं काही तुमच्या हातून झालेलंच नाही.

इथे बरेच समीक्षक म्हणतात की ओनोची शोकांतिका म्हणजे त्याचं क्षुल्लक असणं. तो अपराधीपणही मिरवतो, कारण अपराध मोठा तर माणूस मोठा. हे खरंच आहे. कादंबरीत संगीतकार नागुची आत्महत्या करतो, एका कंपनीचा अध्यक्ष गॅस सोडून जीव देतो, आणि ओनोच्या मनात त्यांच्याबद्दल आदरच आहे. त्या रांगेत आपलंही नाव असावं, असं त्याला कुठेतरी वाटतं.

पण मला हे म्हणणं अर्ध्यावर थांबलेलं वाटतं. साम्राज्याच्या तराजूत ओनोची चित्रं क्षुल्लक असतील. कुरोदाच्या खांद्याच्या तराजूत? तिथे ती एक चिठ्ठी पुरेशी होती. ओनो देशाची माफी मागतो. ते सोपं आहे, देश समोर बसून नाही म्हणत नाही. कुरोदाची माफी तो मागत नाही. दारापर्यंत जातो, पण तेही कशासाठी, तर कुरोदाने साइतोंच्या कानावर काही घालू नये म्हणून. सेत्सुको दिलासा देताना चित्रांबद्दल बोलते, या चिठ्ठीबद्दल नाही. तिला ती माहीत आहे की नाही, लेखक सांगत नाही.

युद्धचित्रांचं पुढे काय झालं, असं तुमच्यापैकी कोणी विचारेल म्हणून सांगतो. अमेरिकनांनी 153 चित्रं ताब्यात घेतली आणि अमेरिकेला नेली. 1970 मध्ये ती तोक्योच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे परत आली, पण कायमची नव्हे, मुदत न ठरवलेली उसनवारी म्हणून. थोडी थोडी करून ती दाखवली जातात. ओनोचा लहानगा नातू इचिरो आजोबांना विचारतो, तुमची चित्रं कुठे आहेत, मला बघायची आहेत. आजोबा म्हणतात, सध्या आवरून ठेवली आहेत. पोरगं पुन्हा विचारतं.