सोनाराघरचं मीठ

साल १५४३. पॅरिसमध्ये सीन नदीच्या डाव्या काठावर पेती नेल नावाचा जुना वाडा आहे. तिथे बेनवेनुतो चेल्लिनी या फ्लॉरेन्सच्या सोनाराकडे तुम्हाला जेवायचं बोलावणं आहे. बसल्याबसल्या सवयीने तुमची नजर पुढ्यातल्या ताटलीत वरच्या अंगाला मीठ शोधते. तिथे काही नाही. मीठ टेबलाच्या मधोमध आहे, वीतभराहून थोडं उंच, सोन्यात बसलेलं.

एका बाजूला त्रिशूळधारी समुद्रदेव नेपच्यून, समोर पृथ्वी. दोघं मागे रेललेली, पाय एकमेकांत गुंतलेले. समुद्राचे फाटे जमिनीत शिरतात ना, तसे, असं यजमान येईल त्याला समजावतोय. नेपच्यूनशेजारी जहाज आहे, मीठ त्यात. पृथ्वीच्या बाजूच्या देवळात मिरी. सगळं सोन्याचा पत्रा ठोकून ठोकून घडवलेलं, वर मिन्याचे रंग. आणि एवढ्या खटाटोपात मीठ मावतं किती? आपल्या पंगतीत वाढप्याच्या हातून याहून जास्त सांडतं.

चमचा शोधू नका, सुरीच्या टोकाने मीठ उचला. काटे फ्रान्समध्ये अजून रुळायचेत, सगळे बोटांनीच जेवताहेत, त्यामुळे तुम्हाला अवघडायचं कारण नाही. भांडं हलकेच ढकला: एबनीच्या काळ्या बैठकीखाली हस्तिदंती गोळ्या आहेत, ते घरंगळत शेजाऱ्याकडे जातं.

या मिठावर राजाचा गाबेल नावाचा कर आहे. गेल्याच वर्षी त्यापायी ला रोशेलला बंड झालं. मिरी मात्र तुमच्या ओळखीची निघते: मलबारची, बहुधा पोर्तुगीज गलबतांतून लिस्बनला उतरलेली. गोवा त्यांच्या हाती जाऊन तेहतीस वर्षं झालीत.

भांडं बनवून घेतलं राजा पहिल्या फ्रान्सिसने. पाहून तो थक्क झाला आणि म्हणाला, तूर्त घरीच ने. म्हणून यातलं पहिलं मीठ सोनाराच्या मित्रांच्या जेवणात पडतंय. मला विचाराल तर या भांड्याचं भाग्य आज उजळलं. पुढे नुसतं मिरवणं.

चेल्लिनी आता रंगात आलाय. खजिनदाराकडून हजार सुवर्णमुद्रा टोपलीत घालून आणताना वाटेत चौघे आडवे आले, आपण तलवार उपसून त्यांना थोपवलं, हा किस्सा. मंडळी माना डोलावतात. तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. १५७० साली हे भांडं भेट म्हणून हाब्सबुर्ग घराण्यात जाईल. ११ मे २००३ ला पहाटे व्हिएन्नाच्या संग्रहालयाबाहेरच्या परांचीवरून चढून एक चोर ते पळवेल, आणि जानेवारी २००६ मध्ये पोलीस ते जंगलात पुरलेल्या पेटीतून काढतील. चौघांना जमलं नाही ते एकट्याने साधलं, हे यजमानांच्या कानावर घालावंसं वाटतं खरं. पण तलवार त्यांच्या हाताशीच आहे.