वृक्ष, वन आणि ब्रह्म

दिल्ली विद्यापीठात किंवा जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जपानी भाषा शिकू लागणाऱ्या विद्यार्थ्यास तिच्या लिपीचे प्रथमदर्शन धडकी भरविणारे वाटते. चीनमधून आलेल्या अक्षरांना जपानी लोक ‘कांजी’ म्हणतात. जपानी शासनाने 2010 साली सुधारलेल्या यादीत नित्य वापराच्या अशा अक्षरांची संख्या 2136 आहे. एवढा भार केवळ घोकंपट्टीने पेलणे कठीण. अक्षराचा अर्थ आणि इतिहास कळला, तर मात्र तो पुष्कळ हलका होतो.

एक आडवी रेघ ओढावी, तिला छेदणारी उभी रेघ खाली आणावी आणि छेदबिंदूपासून डावीउजवीकडे दोन तिरप्या रेघा उतरवाव्यात. चार रेघांचे हे अक्षर म्हणजे ‘कि’, अर्थात वृक्ष. उभी रेघ खोडाची, आडवी फांद्यांची, तिरप्या मुळांच्या. असे दोन वृक्ष शेजारी लिहिले की राई होते; तीन लिहिले की अरण्य. खोडाच्या तळाशी आणखी एक आखूड रेघ दिली की ‘होन’, म्हणजे मूळ. त्यावरूनच पुढे ग्रंथ. सूर्याच्या अक्षरापुढे हे ‘होन’ ठेवले की ‘निहोन’, सूर्याचे उगमस्थान, हे त्या देशाचे स्वतःचे नाव सिद्ध होते. ही सारी अक्षरे तेथील मुले प्राथमिक शाळेच्या पहिल्याच वर्षी शिकतात.

याच वृक्षांपासून तयार झालेले एक अक्षर भारतीयास विशेष जवळचे आहे. बौद्ध ग्रंथांचे चिनी भाषांतर करणाऱ्यांपुढे ‘ब्रह्म’ हा शब्द लिहावयाचा कसा, असा प्रश्न होता. त्यासाठी वर दोन वृक्ष आणि खाली उच्चार सुचविणारा भाग असलेले अक्षर योजण्यात आले. जपानीत त्याचा उच्चार ‘बोन’. ब्रह्मदेव ‘बोन्तेन’, संस्कृत भाषा ‘बोन्गो’ आणि तिची सिद्धम् लिपी ‘बोन्जि’.

हा संबंध केवळ पोथ्यांपुरता नव्हता. बोधिसेन हा भारतीय भिक्षू 736 साली जपानला पोचला आणि 752 मध्ये नारा येथील महाबुद्धाच्या नेत्रोन्मीलनाचा विधी त्याच्या हस्ते झाला. 804 साली चीनला गेलेल्या कूकाई या जपानी भिक्षूने तेथे प्रज्ञ नावाच्या भारतीय पंडिताकडे संस्कृतचे धडे घेतले. सिद्धम् लिपी भारतात व्यवहारातून लोपली. जपानच्या मंदिरांत ती आजही लिहिली जाते. तिच्या अध्ययनातूनच जपानी वर्णमालेस अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व हा क्रम लाभला. यातील ‘ह’च्या जागी प्राचीन काळी ‘प’ होता, हे ध्यानात घेतले की मराठी मुलाच्या पाटीवरील वर्णक्रमच समोर येतो.

दिल्लीतील या दोन्ही विद्यापीठांत संस्कृतचेही अध्यापन होते. जपानी शिकणारे बहुतेक तरुण दुभाष्याचे काम वा जपानी उद्योगांत नोकरी मिळावी म्हणून येतात, आणि त्यात गैर काही नाही. परंतु संस्कृतच्या वर्गाकडे परका विषय म्हणून पाठ फिरविली, तर दोन वृक्षांखालच्या त्या अक्षराचा अर्थ त्यांच्यापुरता अर्धाच उरेल. आणि संस्कृतच्या विद्यार्थ्यासही आपली एक हरवलेली लिपी कोठे जपली गेली, हे कळावयाचे राहून जाईल.