अनादि-अनंत : नारळीकरांचे विश्व आणि आपला लोक



पाठशाळेत मुले शिकतात, लोक अनादि-अनंत आहे, तो कुणी घडवलेला नाही. शाळेत ऐकतात, विश्व महास्फोटातून सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी सुरू झाले. मग विचारतात, "यातले खरे कोणते?" वर 'नारळीकरांनी आपली आगमे सिद्ध केली' असे संदेश मोबाईलवर फिरतात. मुलांना उत्तर देण्याआधी तो इतिहास नीट माहीत हवा.

डॉ. जयंत नारळीकर १९३८ साली कोल्हापुरात जन्मले, बनारसला वाढले आणि केंब्रिजला फ्रेड हॉईल यांचे विद्यार्थी झाले. दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, हे १९२९ पासून माहीत होते. मग पूर्वी सारे एकत्र होते का? हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ साली 'नाही' म्हटले. विश्व पसरते, पण रिकाम्या होणाऱ्या जागेत थोडे थोडे नवे द्रव्य निर्माण होत राहते. त्यामुळे ते सदैव सारखेच दिसते. त्याला आरंभ नाही, शेवटही नाही. ही 'स्थिर स्थिती'. १९६४ साली हॉईल-नारळीकरांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि पुढच्याच वर्षी नारळीकरांना पद्मभूषण मिळाले.

पण त्याच सुमारास अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारी मंद सूक्ष्मलहरींची ऊब सापडली. बहुतेक शास्त्रज्ञांनी ती तप्त आरंभाची खूण मानली आणि स्थिर स्थिती मागे पडली. नारळीकरांनी मात्र प्रश्न सोडला नाही. १९७२ साली ते मुंबईत टाटा संस्थेत आले. १९८८ साली पुण्यात आयुका सुरू झाली, तिचे ते संस्थापक संचालक. आमच्या शनिवार पेठेतून नदी ओलांडून विद्यापीठाकडे गेले की ती संस्था लागते. तिथे दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने ठेवण्याची प्रथा त्यांच्याच काळातली.

१९९३ साली हॉईल आणि बर्बिज यांच्यासोबत त्यांनी सुधारलेली कल्पना मांडली. विश्व अनादि आहे. ते सुमारे ५००० कोटी वर्षांच्या फेऱ्यांत पसरते, आकसते, पुन्हा पसरते. हे वाचून आपल्याला उत्सर्पिणी-अवसर्पिणी आठवणारच! पण हा विचार बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारला नाही. नारळीकर मे २०२५ मध्ये पुण्यात गेले, तोवर ते आपले म्हणणे पुराव्यानिशी मांडत राहिले.

आता साम्य किती, ते पाहू. स्थिर स्थितीत नवे द्रव्य निर्माण होते. आपल्याकडे द्रव्य नवे निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, फक्त पर्याय बदलतात. आमच्या शेजारचा शनिवारवाडा पाहा. १७३२ साली उभा राहिला, १८२८ च्या आगीत आतल्या लाकडी इमारती जळाल्या, आज तट आणि दरवाजे उरलेत. वाडा गेला, राख झाली, धूर झाला. पुद्गल मात्र कुठेच गेले नाही. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य यांचे याहून जवळचे उदाहरण मला सुचत नाही.

दुसरे, आपला लोक पसरत नाही. तो चौदा राजू उंच, मर्यादित आहे. अनंत आहे ते त्याबाहेरचे अलोकाकाश. विज्ञानाला आज सुमारे ९३०० कोटी प्रकाशवर्षे व्यासाचा भाग निरीक्षणाच्या टप्प्यात वाटतो. त्यापलीकडे विश्व अनंत आहे की नाही, हे अजून ठरलेले नाही.

शेवटाचेही तसेच. १९९८ साली दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांवरून कळले की विश्वाचे पसरणे वेगावते आहे. तसेच चालू राहिले तर दीर्घिका दूर जातील, तारे एकेक करून विझतील आणि सारे गार, अंधारे होईल. आपल्याकडे पंचमकाळ २१,००० वर्षांचा. त्यातली सुमारे अडीच हजार सरली. पुढचा सहावा आराही तेवढाच, अतिशय दुःखाचा. पण तो लोकाचा अंत नव्हे. हे चक्र भरत आणि ऐरावत क्षेत्रांत फिरते, महाविदेहात नाही. आणि सहाव्या आऱ्यानंतर इथेही पुन्हा चढती सुरू होते.

म्हणून मुलांना मी सांगते, नारळीकरांनी आपली आगमे सिद्ध केली नाहीत आणि खोटीही ठरवली नाहीत; त्यांचे ते कामच नव्हते. ते मोजमापाने आकाश तपासत होते. आपण लोकाचे चिंतन बारा भावनांपैकी लोकभावनेत करतो, ते 'एवढ्या अफाट लोकात माझा जीव किती भटकला' हे उमजून आसक्ती कमी व्हावी म्हणून. परीक्षेत महास्फोट लिहा, तो समजून घ्या आणि त्याचा पुरावाही विचारा. सामायिकात लोकभावना करा. आणि ज्या गोष्टी तपासलेल्या नाहीत, त्या धर्माच्या नावाने पुढे पाठवू नका. सत्यव्रत त्यालाही लागू आहे.

तुमच्या घरी मुले काय विचारतात, जरूर लिहा.